समुद्र नसलेल्या गावात मुलांना लाटा कशा दाखवायच्या?

पत्र: माझी मुलगी पाचवीत आणि मुलगा आठवीत आहे. आमच्या तालुक्यात लायगोची, म्हणजे अवकाशातून येणाऱ्या लाटा मोजणारी, वेधशाळा होणार म्हणून गावात सारखी चर्चा असते. मुलगी विचारते, ‘आई, आपल्याकडं समुद्र नाही, मग हे लोक इथं कसल्या लाटा मोजणार?’ मला उत्तर देता येत नाही. मुलगा जमिनीतून गुडगुड आवाज आला की घाबरून बाहेर पळतो आणि रात्रभर झोपत नाही. माझं शिक्षण बारावी कला, घरी शिवणकाम करते. एका दुकानात साडेतीन हजारांची विज्ञानपेटी दाखवली. यांचं म्हणणं, मोबाईलवर सगळं फुकट आहे. शाळेतले सर म्हणतात, नववीत येईलच, आताच कशाला? मी काय करू?
– एक आई, औंढा नागनाथ तालुका, जि. हिंगोली

ताई,

पेटी घेऊ नका. तुमच्या घरात, गोठ्यात आणि रानात जे आहे त्यावर नववीपर्यंतच्या लाटा शिकून होतील. बारावी कला झालंय म्हणून मागंही सरू नका. या विषयात सुरुवातीला गणित लागत नाही, नीट बघणं लागतं. कापडाचा उभा-आडवा धागा ओळखणाऱ्या माणसाला ते शिकवावं लागत नाही.

नववीपर्यंत थांबू नका. नववीत व्याख्या येतील, सूत्रं येतील. ज्या मुलानं त्याआधी लाट हातानं केलेली नाही, त्याला ती पाठच करावी लागतात. तुमच्या मुलीच्या मनात लाट म्हणजे पाणी, आणि दहा वर्षांच्या मुलीनं तसं समजणं अगदी बरोबर आहे. ते लगेच खोडू नका. तिला एकच प्रश्न द्या आणि प्रत्येक ठिकाणी तोच विचारा: काय पुढं गेलं, आणि काय जागेवरच राहिलं?

सुरुवात गुरांच्या हाळापासून करा. सकाळी वारा पडलेला असताना, जनावरं पाण्यावर यायच्या आधी, हाळात कडुनिंबाची पाच-सहा पिवळी पानं सोडा. खडा टाकण्याआधी मुलीला विचारा, पानं काठाला जातील का? उत्तर घ्या, मगच खडा टाका. लाट काठाला जाऊन आपटेल आणि पानं वर-खाली होऊन जवळपास तिथंच राहतील. मुलगा म्हणेल, पान जरा सरकलं. त्याचं खरं आहे. लाट जाताना पाण्याचा कण लहानसा गोल फेरा घेऊन मागं येतो, आणि पान पाण्याबरोबर तोच फेरा घेतं. मूल पुस्तकात नसलेलं काही बघतं तेव्हा ‘तसं नसतं’ म्हणू नका, पुन्हा खडा टाका.

असंच रानात बघता येतं. पोटरीत आलेल्या ज्वारीवरून वारा गेला की एक लाट बांधापासून बांधापर्यंत जाते, ताटं मात्र मुळाशी घट्ट असतात. तुमच्या भागात आता हळद आणि सोयाबीनच जास्त, पण हिवाळ्यात गव्हाचं एखादं रान सापडेल. मुलीला लाट दिसू द्या, मग विचारा, काय गेलं? तिथं पाणी नाही, तरी लाट आहे. तिच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिला तिथंच मिळतं.

आता बैलाचा कासरा घ्या, नसेल तर सात-आठ मीटरची जाड सुती दोरी. मध्यावर लाल चिंधी बांधा, चिंध्या तुमच्याकडं कमी नसतील. एक टोक मुलानं घट्ट धरायचं, दुसऱ्या टोकाला मुलीनं एकच हिसका द्यायचा. दोरीतून कुबड पळत जाईल, चिंधी फक्त वर-खाली होईल. हे दोघांना पटकन कळेल. पुढचं मात्र सावकाश करा, कारण मोठी माणसंही इथं चुकतात. विचारा, जोरात हिसका दिला तर लाट लवकर पोचेल का? सगळे ‘हो’ म्हणतील. करून बघा. दोरीचा ताण तोच ठेवला तर मोठा हिसका आणि छोटा हिसका सारख्याच वेळात पोचतात. मोठ्या हिसक्यानं कुबड उंच होतं, वेगवान होत नाही. मग दोरी चांगली ताणा आणि पुन्हा हिसका द्या. आता मात्र लाट सर्रकन जाते. लाट किती वेगानं जाणार हे ती ज्यातून जाते त्याचा ताण आणि वजन ठरवतात. म्हणून ओरडून मारलेली हाक हळू मारलेल्या हाकेच्या आधी पोचत नाही. आवाज लांबवर ऐकू जातो, लवकर जात नाही. हे वाक्य मुलांना तुम्ही सांगू नका, एखाद दिवस ती स्वतः सांगतील.

त्याच दोरीवर एक गोष्ट अजून करा, ती पुढं लायगोसाठी लागणार आहे. दोघांनी एकाच वेळी, दोन्ही टोकांकडून हिसका द्यायचा. दोन कुबडं समोरासमोर येतात, एकमेकांतून आरपार जातात आणि आपापल्या वाटेनं पुढं निघतात. दोन दगड असे जाऊ शकत नाहीत. दोन्ही हिसके वरच्या बाजूचे असतील तर मध्ये क्षणभर दुप्पट उंच कुबड होतं. एक वरचा आणि एक खालचा असेल तर दोरी क्षणभर सपाट पडते, आणि पुढच्या क्षणी दोन्ही लाटा पुन्हा दिसतात. मोबाईलवर हे हळू गतीत चित्रित करून बघा.

दोरीतली लाट फार पटकन जाते, म्हणून आठवीतल्या मुलाला एक यंत्र बनवायला लावा. दोन खुर्च्यांच्या मध्ये दोन मीटर चिकटपट्टी ताणून बांधा, चिकट बाजू वर. खराट्याच्या तीस सेंटिमीटरच्या सारख्या काड्या तोडा आणि दर पाच सेंटिमीटरला एक काडी आडवी चिकटवा, काडीचा मध्य बरोबर पट्टीवर. वरून दुसरी पट्टी लावली की काड्या हलत नाहीत. प्रत्येक काडीच्या दोन्ही टोकांना मळलेल्या काळ्या मातीची हरभऱ्याएवढी गोळी लावा, सगळ्या सारख्या. माती वाळली की गळते, ओली आहे तोवर खेळून घ्या. आता पहिल्या काडीचं टोक खाली दाबून सोडा. लाट एका खुर्चीकडून दुसऱ्या खुर्चीकडं इतकी सावकाश जाते की बोटानं तिच्यामागं जाता येतं, आणि टोकाला आपटून परत येते.

मग अर्ध्या भागातल्या गोळ्या काढून टाका. लाट जड भागातून हळू जाईल, हलक्या भागात शिरताच वेग घेईल, आणि दोन्हींच्या सांध्यावरून तिचा थोडा भाग मागं फिरेल. यावर मुलाला अख्खी सुट्टी घालवू द्या. जमिनीच्या पोटात काय आहे हे खोल न खणता शास्त्रज्ञांना कळलं ते याच तीन गोष्टींवरून: लाट कुठं हळू झाली, कुठं वेगानं गेली, कुठून परत आली.

हेच कानानंही कळतं. गावात एकादशीला भजन असेल तर मुलांना पखवाजाशेजारी बसवा. डाव्या अंगाला ओली कणीक लावतात ती का? कणकेचं वजन पडलं की कातडं सावकाश थरथरतं आणि आवाज खोल येतो. काड्यांच्या गोळ्यांचंही तेच. हलगीवाले वाजवण्याआधी हलगी जाळावर शेकतात, कारण कातडं ताणलं की सूर चढतो, तिथं कासऱ्याची गोष्ट आहे. तबल्याच्या काळ्या शाईवर सी. व्ही. रामन यांनी १९२० साली निबंध प्रसिद्ध केला होता. साध्या ढोलाचे वरचे सूर मूळ सुराशी पटीत जुळत नाहीत. शाईचं वजन मध्यावर बसलं की ते जुळायला लागतात, म्हणून तबल्यातून ढब्ब आवाजाऐवजी सूर निघतो. आपल्या वाद्य बनवणाऱ्या कारागिरांनी हे कानानं साधलं होतं. मला या गोष्टीचा फार अभिमान वाटतो, आणि मुलांनाही तो वाटावा.

आवाज हवेतून कसा येतो ते धाकटीला मोहरीवर दाखवा. भगुण्यावर पातळ प्लास्टिक ताणून बांधा, वर मोहरी पसरा आणि हातभर अंतरावर परात वाजवा. मोहरी उडते. परात मोहरीला लागलेली नाही, वाराही आलेला नाही. मग काय आलं? हवा जराशी आवळते, सैल होते, आणि ते आवळणं-सैल होणं पुढं जातं. हवा तिथंच राहते.

पुढचा प्रयोग मुलासाठी, आवाजाचा वेग काढायचा. समोर मोकळं मैदान असलेली एक मोठी भिंत शोधा, शाळेची किंवा गोदामाची. तुमची शिवणाची टेप १५० सेंटिमीटरची असते, ती चाळीस वेळा टाकली की ६० मीटर. तिथं उभं राहून दोन लाकडी ठोकळे आपटले की भिंतीवरून आवाज परत येतो. आता ठोके अशा लयीत द्यायचे की परत येणारा आवाज बरोबर पुढच्या ठोक्यावर पडेल. लय जुळली की परतीचा आवाज गायब झाल्यासारखा वाटतो. मुलीनं मोबाईलवर वेळ लावायची. पहिला ठोका शून्य धरून विसाव्यापर्यंत मोजायचं. आवाज दर ठोक्याला १२० मीटर गेला, वीस ठोक्यांत २४०० मीटर. साधारण सात सेकंद लागतील, म्हणजे सेकंदाला ३४० मीटरच्या आसपास. आठवीच्या मुलानं दोन ठोकळ्यांवर हा आकडा काढला की नववीच्या पुस्तकात तो त्याला ओळखीचा वाटतो.

भिंत सतरा मीटरच्या आत असेल तर हे जमत नाही. आपला कान सेकंदाच्या दहाव्या भागापेक्षा जवळ आलेले दोन आवाज वेगळे करत नाही. परभणी जिल्ह्यातल्या चारठाण्याच्या किंवा वालूरच्या बारवेत उतरलात तर आवाज वेगळा परत येत नाही, नुसता घुमतो, त्याचं कारण हेच. मुलांना बारवेत किंवा आडाजवळ एकटं पाठवू नका.

विजेचा खेळ मात्र घरातूनच. वीज चमकली की मोजायला लागा, गडगडाट येईपर्यंतच्या सेकंदांना तीननं भागलं की वीज किती किलोमीटरवर पडली ते कळतं. मोजणी तीसच्या आत आली तर कुणीही रानात किंवा झाडाखाली थांबायचं नाही. शेवटच्या गडगडाटानंतरही अर्धा तास घरातच राहायचं. अवकाळीच्या दिवसांत हे गणित मुलांनी घरातल्या मोठ्यांना शिकवावं.

आता मुलाच्या भीतीबद्दल. त्याला ‘काही नाही रे’ म्हणू नका, कारण काहीतरी आहे. २१ मार्च २०२४ ला सकाळी हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचा धक्का बसला, तो त्याला आठवत असेल. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीत काय झालं ते त्यानं घरात ऐकलेलं असेल. सुमारे दहा हजार माणसं गेली. मराठवाड्यातल्या मुलापासून हे लपवता येत नाही, लपवूही नये. त्याला सांगायचं ते असं, की जमीन हलते तेव्हा तिच्यातून लाटा निघतात आणि त्यांचे मुख्य दोन प्रकार तो स्वतः करून बघू शकतो.

दहा-बारा मुलं एकामागं एक, पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवून उभी करा. शेवटच्यानं हलकेच पुढं ढकलायचं. ढकलणं रांगेतून पुढं जातं, मुलं जागेवर राहतात. ही पहिली लाट. मग शेवटच्यानं डावी-उजवीकडं डोलायचं, ते डोलणंही रांगेतून पुढं सरकतं. ही दुसरी. खडकातून ढकलणारी लाट सेकंदाला सहा किलोमीटरच्या आसपास जाते, डोलवणारी साधारण साडेतीन. म्हणून ढकलणारी आधी येते. तिचा हादरा बहुधा कमी असतो, पण ती जमिनीतून हवेत शिरते आणि आपल्याला गुडगुड ऐकू येते. वर्तमानपत्रं ज्याला ‘गूढ आवाज’ म्हणतात तो बऱ्याचदा अशा लहानशा, उथळ धक्क्याचा आवाज असतो. घरांचं जास्त नुकसान करतात त्या मागून येणाऱ्या डोलवणाऱ्या आणि जमिनीच्या पृष्ठभागावरून जाणाऱ्या लाटा. ढकलणारी आणि डोलवणारी लाट येण्याच्या मधले सेकंद मोजून त्यांना आठनं गुणलं तर धक्का साधारण किती किलोमीटरवर झाला ते निघतं. भूकंपमापन केंद्रं अंतर काढतात ते याच फरकावरून.

यानं त्याची भीती पूर्ण जाणार नाही. पण आवाज कशाचा हे कळलं की रात्रभर जागणं कमी होईल, असं मला मनापासून वाटतं. त्याला हेही स्पष्ट सांगा की आवाज आला म्हणून मोठा भूकंप येणारच असं नाही, आणि भूकंपाची तारीख-वेळ आज जगात कुणीच सांगू शकत नाही. तसे मेसेज फिरले तर ते खोटे. किल्लारीत जीव गेले ते मुख्यतः दगड-मातीच्या जाड भिंती आणि जड माळवदं अंगावर आल्यानं. तुमचं घर तसं असेल आणि दार जवळ असेल तर तो मोकळ्यात पळतो हे योग्यच आहे, त्याला त्याबद्दल हसू नका. सिमेंट-सळईचं घर असेल तर भक्कम टेबलाखाली डोकं झाकून बसायचं आणि हादरे थांबल्यावर बाहेर पडायचं. दोन्हींचा सराव एकदा सगळ्यांनी मिळून करा.

आणि मुलीचा प्रश्न. इथं दुधाळ्याच्या शिवारात ज्या लाटा मोजायच्या आहेत त्या पाण्याच्या नाहीत, हवेच्या नाहीत, जमिनीच्याही नाहीत. त्यांत अवकाश, म्हणजे वस्तूंच्या मधली जागाच, ताणली आणि आवळली जाते. त्यांना गुरुत्वीय लहरी म्हणतात. आइन्स्टाइननं १९१६ मध्ये असं होत असणार हे गणितानं मांडलं होतं. १४ सप्टेंबर २०१५ ला अमेरिकेतल्या दोन वेधशाळांनी अशी लाट पहिल्यांदा पकडली. कृष्णविवर म्हणजे प्रकाशालाही बाहेर पडू न देणारी, फार जड आणि दाट वस्तू. अशी दोन होती: एक सूर्याच्या सुमारे ३६ पट वजनाचं, दुसरं २९ पट, दोन्ही एकमेकांभोवती फिरत एकत्र आली. हे घडलं सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षांवर. तिला तुमचा तोच प्रश्न विचारा. कृष्णविवरं तिथंच राहिली, जागेचं ताणणं-आवळणं इथवर आलं.

ते मोजायला एल आकारात चार-चार किलोमीटरच्या दोन नळ्या लागतात. लेसरचा प्रकाश दोन भागांत वाटून दोन्ही नळ्यांत पाठवायचा, टोकाच्या आरशांवरून परत आणायचा आणि एकत्र करायचा. प्रकाशही लाटच आहे, आणि दोन लाटा उलट-सुलट आल्या की एकमेकींना पुसतात, तुमची दोरी सपाट झाली होती तशा. एक नळी किंचित ताणली गेली की हे पुसणं बिघडतं आणि थोडा प्रकाश बाहेर दिसतो. हा ‘किंचित’ म्हणजे अणूच्या गाभ्यातल्या प्रोटॉन नावाच्या कणाच्या रुंदीचा हजारावा भाग. इतकं बारीक मोजायचं तर ट्रकचा हादराही नको, म्हणून तिथले चाळीस किलोचे आरसे एकाखाली एक लटकवलेल्या टप्प्यांना टांगतात. हे घरी करता येतं. हातभर दोऱ्याला कुलूप टांगा आणि वरचा हात भरभर डावी-उजवीकडं हलवा. हात हलतो, कुलूप जवळजवळ स्थिर राहतं.

अमेरिकेतल्या त्या दोन वेधशाळांमध्ये तीन हजार किलोमीटरचं अंतर आहे, आणि पहिली लाट दोन्हीकडं सुमारे सात सहस्रांश सेकंदाच्या फरकानं पोचली. ती आकाशातून नेमकी कुठून आली हे अशा फरकांवरूनच काढतात, आणि दूरवर आणखी वेधशाळा असतील तितकी दिशा नेमकी सापडते. औंढ्याची वेधशाळा त्यासाठी हवी आहे. केंद्रानं एप्रिल २०२३ मध्ये तिच्यासाठी २६०० कोटी रुपये मंजूर केले. ती सुरू व्हायला काही वर्षं लागतील, तोवर तुमची मुलगी कॉलेजात जाण्याच्या वयाची होईल.

मोबाईलबद्दल तुमच्या यजमानांचं म्हणणं इथं खरं ठरतं. त्या पहिल्या लाटेचा आलेख आवाजात बदलून ठेवलेला आहे, खालून वर चढत जाणारा एक छोटासा चीत्कार. तो मुलांना जरूर ऐकवा. फक्त सांगा की तो आवाज आपण बनवला आहे, अवकाशातून आवाज आलेला नाही. अरविंद गुप्तांची टाकाऊतून खेळण्यांची चित्रफीतही मराठीत फुकट बघता येते. पण आधी हात, मग पडदा. काही विकत घ्यायचंच असेल तर पायऱ्या उतरणारी धातूची लांब स्प्रिंग घ्या. ढकलणारी आणि डोलवणारी लाट दोन्ही तिच्यात छान दिसतात. प्लास्टिकची घेऊ नका, ती फार हलकी असते.

सरांशी वाद घालू नका. मुलाचं काड्यांचं यंत्र २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला शाळेत न्यायची परवानगी मागा. तरंगलांबी, वारंवारिता, आयाम ही नावं त्या वेळी सरच देतील, आणि मुलांकडं त्या नावांखाली ठेवायला काहीतरी असेल.

ठोकळ्यांचा प्रयोग मात्र दोनदा करा, डिसेंबरच्या पहाटे आणि मे महिन्यात संध्याकाळी साडेपाचला. थंड हवेतून आवाज जरा हळू जातो. वीसऐवजी पन्नास ठोके मोजले तर बारा अंशाला पावणेअठरा सेकंद लागतील आणि चाळीस अंशाला सतराला किंचित कमी. हा पाऊण-एक सेकंद त्यांच्या हाती लागतो का बघा. आकडे आणि त्या दिवशीचं तापमान मला लिहून पाठवा.